'इन', 'ऑन' आणि 'ॲट'

नामपल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर दिवसभरात चार भाषा पडतात. घरात आईवडिलांची मराठी, बाजारात दख्खनी उर्दू, शेजारपाजारी तेलुगू आणि शाळेच्या वर्गात इंग्रजी. यांपैकी पहिल्या तिन्ही भाषा तो कोणी न शिकवता बोलू लागतो. चौथी मात्र वर्षानुवर्षे शिकूनही त्याला पुरती वश होत नाही. याचे खापर आपण सहसा स्पेलिंगवर, उच्चारांवर किंवा क्रियापदांच्या काळांवर फोडतो. परंतु वह्या तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला विचारून पाहावे. स्पेलिंग पाठांतराने सुधारते. काळ दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडतात. शेवटपर्यंत चुकत राहतात ते अगदी किरकोळ दिसणारे शब्द : 'इन', 'ऑन', 'ॲट', 'टू', 'फॉर', 'फ्रॉम', 'बाय', 'विथ'. इंग्रजी व्याकरणात यांना 'प्रेपोझिशन' म्हणतात, आणि आपल्या शाळांतून त्याचे भाषांतर 'शब्दयोगी अव्यय' असे करतात. चांगल्या पदवीधरांच्या नोकरीच्या अर्जांतही हे शब्द आपली जागा सोडून भलतीकडे बसलेले दिसतात. असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

पहिले कारण उघड आहे. आपण म्हणतो 'टेबलावर'. दख्खनीत म्हणतात 'टेबल पे'. तेलुगूत 'बल्ल मीद'. आपण म्हणतो 'घरात', उर्दूत 'घर में', तेलुगूत 'इंट्लो'. तिन्ही भाषांत नाम आधी येते आणि संबंध दाखविणारा शब्द त्याच्या मागून येतो. इतकेच नव्हे, तर मराठीत 'घर' या नामाचे 'घरा' असे सामान्यरूप होते, तसे तेलुगूतही 'इल्लु' या नामाचे रूप बदलूनच पुढे 'लो' लागतो. एक भाषा आर्यकुळातील व दुसरी द्राविड, तरी या बाबतीत त्यांची चाल एकच. इंग्रजी मात्र उलटी चालते. तिथे 'ऑन' आधी आणि 'द टेबल' मागून. 'प्रेपोझिशन' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच मुळी 'आधी ठेवलेले' असा आहे.

तथापि ही उलटी चाल आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. 'यथाशक्ती', 'प्रतिदिन', 'आजन्म' हे शब्द आपण संस्कृतातून घेतले, आणि 'बेशक', 'दरमहा', 'बिनशर्त' हे शब्द फारसीच्या सहवासाने आपल्या बोलण्यात रुळले. या सर्वांत संबंध दाखविणारा भाग नामाच्या आधीच उभा आहे. म्हणून शब्दांचा क्रम ही खरी अडचण नव्हे. तिसरी-चौथीतील मूलसुद्धा 'टेबल ऑन' असे कधी लिहीत नाही. क्रम त्याला लवकर साधतो. साधत नाही ती निवड. 'इन' घ्यावा, 'ऑन' घ्यावा की 'ॲट' घ्यावा, येथे त्याची गाडी अडते.

ही अडचण आजची नाही, आणि एकाच बाजूची तर मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. ज्याच्या मातृभाषेत हे शब्द नामाआधी येतात, त्या माणसाने नामामागून प्रत्यय जोडणारी आपली भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ साली त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. कोकणीचे व्याकरणही त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. पुढे १८०५ साली विल्यम कॅरे याने सेरामपूरहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. परकीयांनी आपली भाषा समजून घेण्यासाठी लिहिलेली ही पुस्तके. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा, आणि मरेच्या व्याकरणामागे साचा होता तो लॅटिनचा. म्हणजे लॅटिनचा अंगरखा इंग्रजीने घातला आणि इंग्रजीचा मराठीने. दादोबांचे उपकार फार मोठे आहेत. त्यांच्यावाचून आपल्याला आपल्या भाषेचे असे पद्धतशीर शास्त्र इतक्या लवकर मिळते ना. परंतु या एका साच्यामुळे शब्दाला शब्द जुळविण्याची एक सवय आपल्या शिकविण्यात राहून गेली, असे माझे मत आहे. 'प्रेपोझिशन' म्हणजे शब्दयोगी अव्यय, 'इन' म्हणजे 'त', 'ऑन' म्हणजे 'वर', 'टू' म्हणजे 'ला' : फळ्यावर असे दोन रकाने काढले की शिक्षक मोकळा होतो आणि विद्यार्थी अडकतो.

वस्तुतः हे समीकरण अर्धेच खरे आहे. 'खाली', 'मागे', 'पुढे', 'समोर' ही आपली ठळक शब्दयोगी अव्यये घेतली तर त्यांना इंग्रजी जोडीदार सहज मिळतात, आणि तेथे मुले सहसा चुकतही नाहीत. परंतु इंग्रजी जे काम या लहान शब्दांकडून करून घेते, त्यातील पुष्कळसे मराठीत विभक्तीचे प्रत्यय करतात : ला, ने, शी, हून, चा, त. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी नामांना असे प्रत्यय लागत असत. ते काळाच्या ओघात झिजले व त्यांचा भार या अव्ययांवर पडला. जुन्या विभक्तींची खूण आता मुख्यतः सर्वनामांत उरली आहे. म्हणूनच 'बिट्वीन यू अँड मी' असे म्हणावे लागते, 'अँड आय' म्हटलेले शुद्ध लेखनात चालत नाही.

आता त्या दोन रकान्यांची परीक्षा करू. आपण म्हणतो, 'बोटात अंगठी'. नीट पाहिले तर अंगठी बोटात नसते, बोट अंगठीत असते. 'पायांत बूट' म्हणतो तेव्हाही खरे पाहता पायच बुटांत असतात. 'कानात डूल', 'हातात बांगड्या', 'गळ्यात माळ', सगळीकडे आपला तोच 'त'. शरीरावर धारण केलेली वस्तू मराठी माणूस शरीराच्या आत गेल्यासारखी सांगतो, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. इंग्रजाला ती वस्तू शरीराच्या पृष्ठभागाला लागून असलेली दिसते. तो 'रिंग ऑन द फिंगर' म्हणतो, 'शूज ऑन द फीट' म्हणतो. आपल्या मुलाने 'रिंग इन द फिंगर' असे लिहिले तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे बोटाच्या मांसात रुतलेली अंगठी उभी राहील.

याच्या उलट उदाहरण झाडाचे. आपल्याकडे पक्षी 'झाडावर' बसतो. इंग्रजाचा पक्षी झाडात बसतो : 'अ बर्ड इन द ट्री'. कारण त्याच्या दृष्टीने झाड म्हणजे फांद्या-पानांचा एक पोकळ घुमट, आणि पक्षी त्या घुमटाच्या आत शिरलेला. मात्र आंबा 'ऑन द ट्री' असतो, कारण तो फांदीला जोडलेला आहे. झाड एकच, परंतु पक्ष्याला एक शब्द आणि फळाला दुसरा. येथे दोन रकान्यांचा उपयोग काय?

भिंतीवरची पाल घ्या. भिंतीवर असली तर 'ऑन द वॉल'. येथपर्यंत आपला 'वर' चालला. पण तीच पाल सरपटत छतापर्यंत गेली आणि उलटी लटकू लागली, की आपण 'छताला पाल आहे' असे म्हणू लागतो. इंग्रजाचे बोलणे बदलत नाही. त्याची पाल 'ऑन द सीलिंग'च राहते. यावरून ध्यानात यावे की 'ऑन' याचा अर्थ 'वर' असा नाहीच. एखाद्या पृष्ठभागाला लागून असणे, एवढाच त्याचा मूळ भाव. तो पृष्ठभाग खाली असो, उभा असो की डोक्यावर असो. स्पर्श नसताना वर असण्याला इंग्रजीत निराळा शब्द आहे, 'ओव्हर'. हैदराबादेतील पुराना पूल १५७८ साली बांधला गेला, तो मुशी नदीच्या वरून जातो. त्याला 'ओव्हर द मुशी' म्हणावे. पाण्यावर नाव तरंगत असेल तर ती 'ऑन द मुशी'. आणि नदीच्या काठाला लागून वसलेले शहर म्हणून हैदराबादही 'ऑन द मुशी'च. मराठीत पूल मुशीवर, नाव मुशीवर आणि शहरही मुशीवर. आपल्या 'वर'ने या तिघांना एका ओळीत बसविले आहे.

तेव्हा विद्यार्थ्याने शब्दाचे भाषांतर न शोधता त्यामागचे चित्र पाहावे. 'ॲट' म्हणजे बिंदू. 'ऑन' म्हणजे रेषा किंवा पृष्ठ. 'इन' म्हणजे चहूबाजूंनी वेढलेली जागा. जुन्या शालेय व्याकरणांत एक नियम असतो की, देशांना व मोठ्या शहरांना 'इन' लावावा आणि लहान गावांना 'ॲट'. हा नियम पाठ करून कित्येक पिढ्या परीक्षा देत्या झाल्या. पण त्यात तथ्य थोडे आहे. गाव लहान की मोठे यापेक्षा बोलणारा त्याच्याकडे कसा पाहतो, याला महत्त्व अधिक. हैदराबाद शहराचे जुने स्थानक १९०७ साली नामपल्लीत उभे राहिले. तिथे येणारी गाडी 'ॲट नामपल्ली' थांबते, कारण गाडीच्या दृष्टीने नामपल्ली हा प्रवासाच्या वाटेवरचा एक बिंदू. परंतु ज्याचे घर तिथल्या गल्लीत आहे, ज्याचा दिवस तिथल्या गोंगाटात उजाडतो, तो माणूस 'इन नामपल्ली' राहतो. त्याला नामपल्ली बिंदू कशी वाटेल? लंडनसारखे अवाढव्य शहरसुद्धा, विमान तेथे घटकाभर उतरून पुढे जाणार असेल, तर 'ॲट लंडन' होऊन बसते. तसेच, 'मी स्टेशनवर आहे' याचे 'ॲट द स्टेशन' होते, पण पावसाच्या भीतीने स्टेशनच्या इमारतीत उभा असेन तर 'इन द स्टेशन' म्हणणेही योग्य, आणि फलाटावर उभा असेन तर 'ऑन द प्लॅटफॉर्म'.

हेच चित्र इंग्रजीने जागेवरून उचलून काळाला लावले आहे. नामपल्लीच्या मैदानावर भरणारे औद्योगिक प्रदर्शन, ज्याला सारे शहर 'नुमाइश' म्हणते, ते उदाहरणाला घेऊ. १९३८ साली ते बाग-ए-आममध्ये सुरू झाले आणि १९४६ पासून हल्लीच्या जागी भरू लागले. सामान्यतः ते १ जानेवारीला सुरू होऊन १५ फेब्रुवारीपर्यंत चालते. इंग्रजीत सांगायचे तर ते 'इन जॅन्युअरी' भरते, कारण महिना ही प्रशस्त जागा झाली. 'ऑन द फर्स्ट ऑफ जॅन्युअरी' उघडते, कारण तारीख हा दिनदर्शिकेवरचा एक ठराविक चौकोन. आणि संध्याकाळी कोणाला तिथे भेटायचे ठरविले तर ते 'ॲट सिक्स', कारण घड्याळातील वेळ हा बिंदू. मराठीत आपण 'सोमवारी', 'सकाळी', 'रात्री' असा एकच प्रत्यय लावून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र 'ऑन मंडे', 'इन द मॉर्निंग' आणि 'ॲट नाइट'. यांतल्या तिसऱ्याला आमचे चित्र लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. रात्र काही बिंदू नव्हे. भाषेत थोडा भाग निव्वळ वहिवाटीचा असतो. तेथे कारण विचारू नये, ऐकावे आणि म्हणावे.

आतापर्यंतच्या चुका हसून सोडून देण्यासारख्या आहेत. अंगठी बोटात रुतली म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पण काही ठिकाणी या लहान शब्दांची अदलाबदल झाली की व्यवहारच फिरतो. आपले 'पर्यंत' पाहा. 'अर्ज दहा तारखेपर्यंत पाठवा' आणि 'कचेरी दहा तारखेपर्यंत बंद राहील', या दोन्ही वाक्यांत 'पर्यंत' एकच आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'बाय' हवा : दहा तारखेच्या आत केव्हाही, एकदाच घडणारी गोष्ट. दुसऱ्या ठिकाणी 'टिल' हवा : दहा तारखेपर्यंत सतत चालू राहणारी स्थिती. एखाद्या कारकुनाने वरिष्ठांना 'मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' असे कळविताना 'टिल'च्या जागी 'बाय' घातला, तर वरिष्ठ असे समजतील की रजा शुक्रवारी किंवा त्याआधी केव्हातरी सुरू होणार आहे! ज्या दिवशी तो परत यायचा, त्या दिवशी तो जाणार असा समज.

'तासात' या शब्दाचीही हीच गत. 'डॉक्टर एका तासात येतील' याचे 'इन ॲन अवर' केले तर इंग्रजी कानाला ऐकू येते की डॉक्टर साधारण तासाभराने येतील. तास पुरा होण्याच्या आत, कदाचित दहाव्या मिनिटालाही, येतील असे सांगावयाचे असल्यास 'विदिन ॲन अवर' म्हणावे लागते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला हा फरक लहान नाही.

'पासून'ने तर आपल्या अर्जांत धुमाकूळ घातला आहे. 'मी तीन वर्षांपासून या शाळेत काम करतो' याचे 'सिन्स थ्री इयर्स' असे भाषांतर आपल्याकडे सर्रास आढळते. 'सिन्स'ला प्रारंभबिंदू हवा असतो : 'सिन्स १९५६', 'सिन्स मंडे'. काळाची लांबी सांगायची तर 'फॉर थ्री इयर्स'. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' ही दोन्ही रूपे सारखीच दिसतात. म्हणून भाषांतर करण्यापूर्वी मुलाने स्वतःला एवढेच विचारावे की 'पासून'च्या आधी आलेला शब्द काळाचे टोक सांगतो की काळाची लांबी. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली की चूक सहसा होत नाही, असा वर्गातला अनुभव आहे.

आणखी एक मोठा प्रांत राहिला, तो क्रियापदांचा व विशेषणांचा. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून मुले 'अँग्री ऑन' लिहितात. इंग्रज 'अँग्री विथ' म्हणतो. आपण गणितात हुशार असतो. इंग्रज 'गुड ॲट मॅथमॅटिक्स' असतो. आपल्याकडे कोणाशी लग्न होते, म्हणून 'मॅरिड विथ'. त्यांच्याकडे 'मॅरिड टू'. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो. त्यांच्या 'डिस्कस'ला मधला शब्दच नको असतो, ते क्रियापद सरळ विषयालाच हात घालते. येथे बिंदू, रेषा व जागा यांचे चित्र फारसे उपयोगी पडत नाही. येथे आपल्या मदतीला येते ते संस्कृत.

'हृ' हा धातू सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला उपसर्ग लागून 'आहार', 'विहार', 'प्रहार', 'संहार', 'परिहार' असे शब्द होतात. धातू एकच, पण एकात जेवण आहे, एकात फिरणे आहे आणि एकात मारणे आहे. वेदकाळच्या संस्कृतात तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, वाक्यात दूर कोठेही उभे राहू शकत. इंग्रजीतील 'लुक' हे क्रियापद असेच समजावे. 'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. 'आहार' शब्द शिकताना आपण 'आ' निराळा आणि 'हार' निराळा असा कधी पाठ करीत नाही. तसेच येथेही जोडी अखंड पाठ करावी. कोशात 'लुक' पाहून मग 'आफ्टर' पाहिला तर 'नंतर पाहणे' असा अर्थ हाती येईल, आणि आजारी आईचा सांभाळ करणारी मुलगी आईकडे नंतर पाहणारी ठरेल. 'थ्रो टू' आणि 'थ्रो ॲट' यांतही असाच फरक. पहिल्यात चेंडू समोरच्याने झेलावा म्हणून टाकला जातो, दुसऱ्यात दगड समोरच्याला लागावा म्हणून.

यासाठी बाजारात मिळणाऱ्या, शे-दोनशे अव्ययांचे अर्थ छापलेल्या चोपड्यांचा उपयोग नाही. उलट त्यांनी अपायच होतो. महाराष्ट्रातील अनेक पिढ्या ज्या तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर इंग्रजी शिकल्या, तिची पद्धत अधिक शहाणपणाची होती. ती सुटे शब्द देऊन थांबत नसे, वाक्यांमागून वाक्ये करवून घेई. घरी करता येण्याजोगा एक उपाय सांगतो. इंग्रजी वर्तमानपत्रातील चार-पाच ओळी वहीत उतरवाव्या आणि त्यांतील हे लहान शब्द गाळून मोकळ्या जागा सोडाव्या. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता त्या भराव्या आणि ताडून पाहावे. जिथे चुकले तिथे वाक्य पाच वेळा मोठ्याने म्हणावे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी ते हे ताडून पाहू शकतात. अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहावयाचे असते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. या अव्ययांपुढे क्रियापद आले तर ते 'इंग' प्रत्यय घेऊन येते : 'विदाउट ईटिंग', 'गुड ॲट सिंगिंग'. 'टू'मुळे येथे घोटाळा होतो, कारण 'टू गो' यातील 'टू' हा निराळा. 'लुक फॉरवर्ड टू' यातील 'टू' मात्र अव्ययच असल्यामुळे पुढे 'सीइंग' येते, 'सी' येत नाही. पत्राच्या शेवटी भेटीची उत्सुकता व्यक्त करताना हे हटकून चुकते.

दुसरी गोष्ट अशी की, इंग्रजीत हे शब्द कधी कधी वाक्याच्या अगदी शेवटी एकटे उभे राहतात. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' मराठीत असे होणे शक्यच नाही. आपले 'साठी' किंवा 'वर' नामाला बिलगूनच राहणार. कवी ड्रायडन याने १६७२ साली अशा रचनेला नाक मुरडले, पुढे व्याकरणकारांनी त्याची री ओढली, आणि वाक्याच्या शेवटी 'प्रेपोझिशन' आणू नये हा नियम आपल्या शाळांपर्यंत येऊन पोहोचला. परंतु इंग्रज लोक ड्रायडनच्या आधीही असेच बोलत होते आणि आजही असेच बोलतात. विद्यार्थ्याने 'फॉर व्हॉट आर यू लुकिंग' असे ओढूनताणून लिहिण्याचे कारण नाही. परीक्षकाने लाल रेघ ओढली, तर ती त्याला खुशाल ओढू द्यावी.